एकविसावा तास

नोव्हेंबरच्या शेवटी, मृतांच्या रविवारी, ब्रोडर्सन कुटुंब आधी कबरीवर जातं आणि मग केक खातं. म्हाताऱ्याच्या हयातीतही क्रम हाच होता. फरक इतकाच, की तेव्हा तो मातीच्या वरच्या बाजूला उभा राहून कुणी फांद्या वाकड्या मांडल्या ते सांगत असे.

यंदा कबरीवरच्या फर वृक्षाच्या फांद्या त्याच्या मुलाने, डेटलेफने मांडल्या. वाकड्याच मांडल्या. कुणी काही बोललं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर त्यातून बुधवारच बाहेर पडला असता.

डेटलेफच्या मागे उभी राहून बिर्गिट नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. छप्पन्न वर्षांची मान, दोन महिन्यांत सत्तरीची झालेली. सात आठवड्यांपूर्वी याच माणसाने हार्टमुट पाउल्सनला कामावरून काढलं होतं. एकोणीस वर्षं भट्टीपाशी उभं राहून मासे धुरावर धरणाऱ्या पाउल्सनला एका परिच्छेदाचं पत्र गेलं. पत्रात कारण नव्हतं, कारण कारण द्यावं लागत नाही. ज्या धंद्यात दहापेक्षा जास्त माणसं नाहीत, तिथला मालक मुदत देऊन कुणालाही घरी पाठवू शकतो. म्हातारा ब्रोडर्सन देवाच्या दहा आज्ञांपैकी सहा-सातच सलग म्हणू शकत असे. ही अकरावी मात्र त्याला पाठ होती.

खरं कारण होतं ती नवी भट्टी. तिला आकडे दाखवणारा पडदा आहे, बटणं आहेत, आणि शिजताना दार उघडलं की ती थांबून शिट्टी मारते. पाउल्सन ते दार दिवसातून चाळीस वेळा उघडायचा. वास घ्यायला. शेवटी एका शनिवारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना तो म्हणाला होता, "या घरात मासा कच्चा की झालेला हे दोघांनाच कळतं, आणि त्यातला एकही मालक नाही."

मालकाने सोमवारी पत्र लिहिलं. पाउल्सन तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात गेला. येत्या बुधवारी सकाळी साडेनऊला फ्लेन्सबुर्गला तडजोडीची तारीख होती.

"चला," वीबके म्हणाली. "कॉफी करायची आहे."

वीबके ही डेटलेफची मोठी बहीण. वय एकसष्ट, लग्न नाही, राहणं दुकानाच्या वरच्या खोलीत. सगळी भानगड तिच्यावरून होती, म्हणून तिच्याशी कुणी तिच्याविषयी बोलत नव्हतं.

*

टेबलावर लोण्याचा केक होता, पांढरं मेणकापड अंथरलेलं होतं, आणि साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलेला एक कागद होता. स्वान्त्येने आल्या आल्या आधी केक घेतला आणि मग कागद. ती डेटलेफ आणि बिर्गिटची एकुलती मुलगी. हाम्बुर्गला एका मोठ्या विमा कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करायची, म्हणजे लोकांना काढायची, पण इतकं अदबीने की लोक जाताना तिचे आभार मानायचे.

"वीबके कुठंय?" आजीने विचारलं. गेर्डा ब्रोडर्सन चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि तिला सोयीचं तेवढंच ऐकू यायचं.

"स्वयंपाकघरात," बिर्गिट म्हणाली.

"रविवारीसुद्धा?" स्वान्त्ये म्हणाली. "हे तास कुठल्या रकान्यात जातात, बाबा?"

"कॉफी करतेय ती. कॉफीला कायदा लागत नाही."

"अजून तरी नाही." तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने वाचायला लागली. "'मी, वीबके ब्रोडर्सन, सन दोन हजार पाचपासून आठवड्याला वीस तास काम करते. त्याखेरीज मी दुकानात आढळल्यास ते कौटुंबिक स्नेहापोटी होय.' कौटुंबिक स्नेह! पहाटे साडेचारला?"

"स्नेहाला वेळकाळ नसतो," बिर्गिट म्हणाली. तिने पुढचा तुकडा कापला.

"वकिलानं लिहून दिलंय," डेटलेफ म्हणाला. "नुसती सही हवी. एक सही. मोजून बघ ना. पूर्णवेळ आठ, पाउल्सन धरून. पॅकिंगच्या दोघी, तीस-तीस तासांच्या, कायद्याने प्रत्येकी पाऊण. झाले साडेनऊ. वीबके वीस तास, म्हणजे अर्धी. दहा! मी आणि तुझी आई मालक, आम्ही मोजत नाही. दहा म्हणजे दहापेक्षा जास्त नाही."

"आणि आत्या खरंच किती तास काम करते?"

डेटलेफने केकचा मोठा घास घेतला. घास गिळेपर्यंत उत्तर देता येत नाही, हे तो लहानपणी आईकडून शिकला होता.

"पंचेचाळीस," स्वान्त्येनेच सांगितलं. "म्हणजे एक. अख्खी एक. म्हणजे आपण साडेदहा आहोत, म्हणजे कायदा लागू, म्हणजे कारण द्यायला हवं होतं. 'त्याने माझी भट्टी उघडली' हे कारण न्यायाधीशबाईंना सांगणार आहेस का?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी कायद्याच्या बाजूनं आहे."

"पगार हाम्बुर्गहून येतो त्यांना परवडते ती बाजू," तिची आई म्हणाली.

गेर्डाने कप खाली ठेवला. कुठल्याही भांडणात नवऱ्याचं नाव आलं नाही, की तिला ते आणावंसं वाटे. "तुझ्या आजोबांनी ठरवलं होतं ते. दोन हजार पाच साली. पाउल्सन आला होता नोकरी मागायला. हात बघूनच कळलं यांना, की माणूस कामाचा आहे. पण घेतला असता तर आकडा साडेदहावर जात होता. मग हे म्हणाले, वीबकेला अर्धी करू. कागदावर फक्त."

"आणि आत्या काय म्हणाली?"

"बरं म्हणाली. मी तिथेच होते, पाव कापत. ती म्हणाली, बरं." गेर्डाने बशीतले केकचे कण बोटाने गोळा केले. त्या दिवशी आपण पाव कापत राहिलो, हे तिला आज पहिल्यांदाच ठळकपणे आठवलं, आणि ते तिला आवडलं नाही. "घरातली मुलगी होती. वर खोली होती, जेवण होतं, मासे होते. अजून काय लागतं माणसाला?"

"पेन्शन," स्वान्त्ये म्हणाली.

*

पंधरा मिनिटांनी स्वान्त्येची बाजू बदलली. ती बदलल्याचं प्रथम तिला स्वतःलाच कळलं, आणि तिने आणखी थोडा केक घेतला.

असं झालं, की ती पुढचा हिशोब करायला गेली. आत्याने बुधवारी किंवा नंतर कधीही कोर्टात पंचेचाळीस तास कबूल केले, तर पाउल्सनला नऊ-साडेनऊ महिन्यांचा पगार देऊन वाटेला लावता आलं असतं. ते एक. पण न्यायालयाच्या पाठोपाठ पेन्शन-विम्याचे लोक आले असते. अर्ध्या पगारावर हप्ते भरले, उरलेल्या अर्ध्याचे कुठे आहेत? थकबाकीसाठी ते चार वर्षं मागे जातात.

"आणि जाणूनबुजून केलं असेल तर तीस वर्षं मागे जातात," ती म्हणाली.

"जाणूनबुजून केलं होतं का?" बिर्गिटने विचारलं.

सगळ्यांनी भिंतीवरच्या म्हाताऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. म्हातारा एका हातात वाम मासा धरून हसत होता. त्याच्याइतकं जाणूनबुजून काप्पेल्न गावात कुणीच काही केलं नव्हतं.

"मग दुकान जातं," डेटलेफ म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, हवामानाचा अंदाज सांगावा तसा. "भट्टीचं कर्ज डोक्यावर आहे. नाताळ गेला की जातं."

स्वान्त्येने कागद परत साखरेच्या भांड्याला टेकवला. आपण या दुकानाच्या पैशावर शिकलो, याची तिला कुणी आठवण करून दिली नाही. म्हणून ते जास्तच आठवलं. "आत्याशी मी बोलू का?" ती म्हणाली. "नीट सांगितलं तर ती करेल सही."

"वा," बिर्गिट म्हणाली. "कायदा गेला वाटतं वॉशरूमला."

"आई, तू तर मघापासून—"

"मघापासून मी विचार करतेय. दर महिन्याला पगारपत्रकावर सही कुणाची असते? 'वीबके, वीस तास.' एकोणीस वर्षं कुणाची सही आहे? माझी. तिने आज हे लिहून दिलं आणि उद्या ते खोटं ठरलं, तर फौजदारी कुणावर? डेटलेफवर नाही. तो नुसता मासे विकतो."

"खोटं कसं ठरेल?" डेटलेफ म्हणाला. "पाउल्सनचा शब्द आणि आपला शब्द."

"आणि भट्टीच्या वह्या."

खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली, तिचा आवाज सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

भट्टीत माशांचा घाणा घातला की वहीत लिहावं लागतं. किती वाजता घातला, किती वाजता काढला, काढताना माशाच्या पोटातलं तापमान किती होतं, आणि हे कुणी पाहिलं. तापमान साठच्या खाली असेल तर मासा विकायचा नाही. हे अन्न-तपासनिसासाठी, न लिहिल्यास दंड. म्हणून ब्रोडर्सनांच्या दुकानात एकोणीस वर्षांतला प्रत्येक घाणा मिनिटासकट लिहिलेला होता, आणि रोज पहाटे साडेचारपासून दुपारी दोनपर्यंत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अक्षरं होती: वी. ब्रो. माणसांचे तास कुणी लिहून ठेवले नव्हते. माशांचे ठेवले होते.

"पूर आला होता ना," डेटलेफ म्हणाला. "गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. श्लाई खाडीचं पाणी तळघरात होतं. कुणाच्याही वह्या भिजल्या असत्या."

"आपल्या माडीवर होत्या."

"ते कुणाला माहीत?"

"तपासनिसाला. पुरानंतर त्यानं प्रत्येक वहीवर शिक्का मारलाय. वर म्हणाला, पुराच्या आठवड्यातही एक ओळ चुकली नाही. आणि ते तू पेपरात छापून आणलंस, डेटलेफ. फोटोसकट. चौकट करून दुकानात लावलंस."

फोटोत वीबके होती. दोन्ही हातांनी वही छातीशी धरून, पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखी. खाली मथळा होता: 'पहाटे साडेचारपासून दक्ष.'

"तो काढायला हवा," डेटलेफ म्हणाला.

"पाउल्सनच्या वकिलाकडे असेल की," स्वान्त्ये म्हणाली. "पेपर तर सगळं गाव वाचतं."

*

वीबके कॉफीची किटली घेऊन आत आली. स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गेली चाळीस वर्षं सगळे ते विसरण्याची काळजी घेत होते.

तिने आधी आईला कॉफी ओतली, मग बाकीच्यांना, मग चष्मा लावला आणि कागद वाचला. दोनदा वाचला. ती हळू वाचायची. वहीतलं एक तापमान चुकलं तर एकशेवीस किलो मासा जातो, ही सवय होती.

"हे आतापासूनचं का आधीचं?" तिने विचारलं.

"दोन्ही," डेटलेफ म्हणाला.

"मग पाउल्सन खोटं बोलतात असं होईल."

"त्यानं कोर्टात खेचलंय आपल्याला!"

"हो. पण खोटं नाही बोलले ते."

"ते!" गेर्डा म्हणाली. "ऐका. एकोणीस वर्षं एका धुरात उभे राहून अजून अहो-जाहो करतात दोघं. लग्न झालेल्यांनाही एवढा मान टिकवता येत नाही."

वीबकेचे कान लाल झाले. ते तसे नेहमीच थोडे लाल असायचे, धुरामुळे. म्हणून ते कधी लाज म्हणून मोजले गेले नाहीत.

"आत्या," स्वान्त्ये तिच्याजवळ खुर्ची सरकवून म्हणाली. "ऐक ना. मला पण हे आवडत नाहीये. पण एक सही केलीस तर सगळं वाचतं. नंतर मी स्वतः बघते तुझ्या पेन्शनचं. नवीन वर्षात नीट करू, सावकाश, टप्प्याटप्प्यानं."

"हाम्बुर्गला लोकांना असंच सांगतेस का?"

स्वान्त्येने खुर्ची थोडी मागे घेतली. असंच सांगायची. शब्दसुद्धा हेच.

"नको करू सही," बिर्गिट अचानक म्हणाली.

"बिर्गिट!"

"माझ्या स्वार्थासाठी सांगतेय, मोठेपणा नाही. नको करू."

डेटलेफ उठला आणि खिडकीशी गेला. तिथून दुकानाचं छप्पर दिसायचं, त्यावरची दोन धुराडी, आणि त्यांच्यामध्ये वीबकेच्या खोलीची खिडकी. "मी धमकी देत नाहीये," तो म्हणाला. "पण दुकान गेलं की इमारत बँकेची. इमारत बँकेची म्हणजे वरची खोलीपण बँकेची. मी नुसतं जे आहे ते सांगतोय."

"बाबा, हे धमकीसारखंच वाटतंय."

"मग काय करू? गाऊन दाखवू?"

वीबकेने चष्मा काढून पुसला. गेल्या महिन्यात तिला पेन्शन कार्यालयाचं वार्षिक पत्र आलं होतं. सहासष्टाव्या वर्षानंतर दरमहा किती मिळेल ते त्यात छापलं होतं. आधी तिला वाटलं, हा एका आठवड्याचा आकडा असावा. मग तिने ते पत्र ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवलं आणि कामाला गेली. त्या दिवशी दोन घाणे होते. त्या पत्राचा तिला राग नव्हता आला. पण आजचा हा कागद वेगळा होता. त्या पत्रात ती कुणा अनोळखी कारकुनाने मोजलेली अर्धी होती. या कागदावर तिने स्वतःच सांगायचं होतं, की उरलेली अर्धी कधी नव्हतीच.

"बुधवारपर्यंत वेळ आहे ना?" ती म्हणाली. कागदाची घडी करून तिने खिशात ठेवली. "उद्या वाम मासे यायचे आहेत. केक संपवा, उरला तर कोरडा होतो."

"ती करेल," ती गेल्यावर डेटलेफ म्हणाला. "ती नेहमी बरं म्हणते."

"आज नाही म्हणाली बरं," गेर्डा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली, जणू काही ऐकूच येत नव्हतं.

*

मंगळवारी दुपारी अडीच वाजता डेटलेफ ऑफिसात फोनवर होता. वकील त्याला तिसऱ्यांदा सांगत होता, की उद्या साक्षी होत नाहीत, न्यायाधीशबाई फक्त दोन्ही बाजूंना विचारतात. पण कागद हातात असला म्हणजे बरं. एवढ्यात दारात वीबके उभी राहिली. अंगात कोट, डोक्याला रुमाल. डेटलेफने तिला आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी कोटात कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आईला काही झालं.

"माझे वीस तास झाले," ती म्हणाली.

"काय?"

"काल दहा, आज दहा. पुढच्या सोमवारी येते. सही टेबलावर आहे."

फोन तसाच ठेवून तो पॅकिंगच्या खोलीत धावला. कागद टेबलावर होता, वर मीठ मोजायचं वजन ठेवलेलं, उडू नये म्हणून. सही होती. स्वच्छ, गोल, शाळेतली सही. फक्त 'सन दोन हजार पाचपासून' या शब्दांवर एक रेघ मारलेली होती आणि वर त्याच अक्षरात लिहिलं होतं: 'या सोमवारपासून.' स्नेहाच्या ओळीवरही एक रेघ होती.

"वीबके!" ती जिन्यापाशी पोचली होती. "जुन्या भट्टीत एकशेवीस किलो वाम आहेत! नाताळची ऑर्डर आहे ती!"

"हो."

"नवीत का नाही घातले?"

"नवीत पन्नासच मावतात."

"मग कधी काढायचे?"

"झाले की."

"कधी होतात?"

वीबकेने खरंच विचार केला. तिला उत्तर लपवायचं नव्हतं. "धूर आधी ओला लागतो नाकाला," ती म्हणाली. "मग एकदम कोरडा लागतो. तेव्हा. फार वेळ नसतो मध्ये." आणि ती वर गेली.

डेटलेफ भट्टीसमोर उभा राहिला. थोड्या वेळाने बिर्गिटही येऊन उभी राहिली. लोखंडी दाराच्या फटीतून धूर येत होता. दोघांनी नाक पुढे केलं.

"ओला आहे का?" त्याने विचारलं.

"मला सर्दी आहे."

"रविवारपासून?"

"तुझं पत्र गेलं तेव्हापासून."

त्याने दार उघडून तापमानाची सुई एका माशात खुपसली. चोपन्न. दुसऱ्यात खुपसली. एकसष्ट. तिसऱ्यात एकोणपन्नास. आजवर त्याला वाटत होतं, की एका भट्टीत एकच तापमान असतं. दार उघडं राहिल्यामुळे आगीने जोर धरला, म्हणून त्याने ते बंद केलं. बंद केल्यावर काही कळेना, म्हणून पुन्हा उघडलं. पडदा असता तर निदान शिट्टी तरी वाजली असती.

"पाउल्सनला फोन कर," बिर्गिट म्हणाली.

"उद्या कोर्टात समोरासमोर बसायचंय आम्हाला!"

"मग आजच बोलून घे, उद्या गर्दी असेल."

त्याने फोन हातात घेतला. परत ठेवला. पुन्हा घेतला. त्या शनिवारचं दुकान त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि गिऱ्हाइकांचे चेहरे. फोन खिशात गेला.

वरच्या खोलीत वीबके कोट न काढता पलंगावर बसली होती. मंगळवारी दुपारी तीन वाजता तिच्या खोलीत ऊन येतं, हे तिला माहीत नव्हतं. ते समोरच्या कपाटावर पडलं होतं आणि कपाटाचा रंग तिला वाटत होता त्यापेक्षा बराच वेगळा होता. जिन्यातून धूर वर येत होता. तो ओला होता. मग एका क्षणी तिचं नाक आपोआप वर झालं, आणि गुडघे ताठ होऊन ती उभीसुद्धा राहिली. तिने पलंगाची कड घट्ट धरली. नेमकं तेव्हा खाली कुणीच दार उघडलं नाही. ती पुन्हा बसली. एकशेवीस किलो मासा वाया जाताना तिने आयुष्यात पहिल्यांदाच नुसता ऐकला, आणि तिला रडू आलं. रडू माशांसाठी होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

डेटलेफने मासे काढले तेव्हा पावणेचार झाले होते. वरच्या सळ्यांवरचे चामड्यासारखे, खालच्यांवरचे काट्यापाशी गुलाबी. बिर्गिटने एक तुकडा तोंडात घातला आणि तसाच कागदात काढून ठेवला.

"वहीत लिहायचंय," ती म्हणाली.

वही खिळ्याला दोरीने टांगलेली होती. डेटलेफने पेन घेतलं. घातल्याची वेळ वीबकेच्या अक्षरात लिहिलेली होती, बारा चाळीस. काढल्याची वेळ त्याने लिहिली. मग तापमानाचा रकाना आला. 'त्रेसष्ट' लिहिलं असतं तर मासा विकता आला असता. निदान वरचा, मेयॉनीजमध्ये कालवून. बिर्गिट बघत होती. पेन बराच वेळ तिथेच थांबलं. मग त्याने लिहिलं: 'एकोणपन्नास. टाकला.' आणि पुढे आपली दोन अक्षरं.

माशाबद्दल खोटं लिहायची हिंमत त्या घराण्यात कुणाला कधी झाली नव्हती. तो वहीचं मागचं पान उलटत गेला, त्याच्या मागचं, त्याच्या मागचं. वी. ब्रो. वी. ब्रो. वी. ब्रो. सबंध पानभर, एखाद्या मुलाला शिक्षा म्हणून लिहायला लावावं तसं.

"जेवायला बोलवू का तिला?" बिर्गिटने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तिची सुट्टी आहे."

*

फ्लेन्सबुर्गच्या न्यायालयात खोली लहान होती आणि गरम. हार्टमुट पाउल्सन रविवारचा कोट घालून आला होता. सात आठवडे भट्टीपासून लांब राहूनही त्याच्या अंगाला धुराचा वास होता, आणि आज डेटलेफच्याही होता. दोघांच्या मधल्या बाकावर बसलेल्या डेटलेफच्या वकिलाने खिडकी उघडायला सांगितली.

कालचं कुठवर पसरलं होतं कोण जाणे. बसता बसता पाउल्सन हळूच म्हणाला, "जुन्या भट्टीतले होते का?"

"हो," डेटलेफ म्हणाला.

"किती?"

"एकशेवीस."

पाउल्सनने टोपी गुडघ्यावर फिरवली. "त्या आजारी आहेत का?"

"नाही."

न्यायाधीशबाई चाळिशीच्या होत्या, त्यांच्यासमोर जाडजूड फाइली आणि एक आखूड पेन्सिल होती. त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद चाळले, कंटाळा न दाखवता. "मुद्दा एकच दिसतो," त्या म्हणाल्या. "हा धंदा छोटा आहे की नाही. प्रतिवादी काय म्हणतात? कामगार किती?"

"दहा," वकील म्हणाला. "नेमके दहा. आमच्याकडे या संदर्भात निवेदन—" त्याने डेटलेफकडे हात पसरला. रेघा मारलेला कागद डेटलेफच्या आतल्या खिशात होता. वकिलाने तो अजून पाहिला नव्हता. घरातून निघताना आईने टाय नीट करताना विचारलं होतं, 'काय सांगणार आहेस?' आणि तो म्हणाला होता, 'माहीत नाही.' ते खरं होतं. अजूनही होतं. दुकान, कर्ज, पेन्शनवाले, तीस वर्षं, बँक, सगळं काल होतं तसंच्या तसं उभं होतं. त्यातलं काही विरघळलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं कुटुंबात वाद चालला, की त्या सकाळी त्याच्या तोंडून बोलली ती लाज होती की नाताळच्या ऑर्डरची धास्ती. बिर्गिटच्या मते धास्ती. गेर्डाच्या मते मुलगा बापावर गेला नाही, एवढंच.

"साडेदहा," डेटलेफ म्हणाला.

वकिलाचा पसरलेला हात हवेतच राहिला.

"कृपया पुन्हा सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"साडेदहा, बाई. दहा मोजले होते. अर्धं राहिलं होतं."

"हे अर्धं कोण?"

"माझी बहीण." त्याने आतल्या खिशातला कागद चाचपला. "म्हणजे तिची अर्धी आधीच धरली आहे. ही उरलेली."

पलीकडे टोपी फिरायची थांबली. वकिलाने फाइल मिटली, आवाज होऊ न देता, जशी झोपलेल्या माणसाच्या खोलीतून बाहेर पडताना दार ओढून घेतात. न्यायाधीशबाईंनी पेन्सिल उचलली आणि कोऱ्या ओळीवर टेकवली.

"पूर्ण नाव सांगा," त्या म्हणाल्या.